बजेटात रस्ता आला, म्हणून जेसीबी घ्यावा का?

पत्र: "ताई, नमस्कार. कवठेमहांकाळ तालुक्यात आमचं सिमेंट, सळई, खडी-वाळूचं दुकान आहे. एक जेसीबी आहे, त्याचे हप्ते फिटलेत. कोविडमध्ये बँकेनं सरकारी हमीवर दिलेलं २० टक्के जादा कर्जही फेडून झालं. पण दोन वर्षं झाली, घरांची बांधकामं मंद आहेत, उधारी वाढलीय, दुकानातला एक पोरगा कमी करावा लागला. आता आमच्या भागातला एक रस्ता मंजूर झालाय. मिस्टर म्हणतात, सरकार रस्त्यांवर लाखो कोटी ओततंय, मंदी संपलीच समज, दुसरा जेसीबी घेऊ. कर्ज २८ लाख, साडेदहा टक्क्यांनी, चार वर्षांसाठी. वरचे ७ लाख माझं सोनं तारण ठेवून उभे करायचे. पुण्याचे भाऊजी म्हणतात, सरकारी पैशानं कधी कुणाचं भलं झालंय का? कर्ज काढायचं, महागाई वाढवायची आणि ठेकेदारांची घरं भरायची. सासूबाई म्हणतात, बाहात्तर साली सरकारनं काम काढलं म्हणून आम्ही जगलो. त्यांनी तेव्हा पाझर तलावावर माती वाहिलीय. रोज जेवताना हाच वाद. सरकारनं खर्च केला की धंदा आणि रोजगार खरंच परत येतो का? आणि मी सोनं देऊ का?"

सप्रेम नमस्कार.

सोन्याचं आधी सांगते, कारण तुमचा जीव तिथं अडकलाय. आत्ता देऊ नका. कायमचं नाही म्हणत नाही, पण ज्या कागदाच्या भरवशावर मिस्टर हे मागताहेत तो कागद अजून तुमच्या घरात आलेला नाही. तो कोणता, ते पुढे येईलच. आता जेवणाच्या ताटावरचा वाद घेऊ. तिघांपैकी कुणीच खोटं बोलत नाही. फक्त तिघं तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत.

सासूबाईंपासून सुरू करते. वयाचा मान आहेच, शिवाय तिघांत प्रत्यक्ष मजुरी घेतलेल्या त्या एकट्याच आहेत. १९७२ च्या पावसानं दगा दिला, आणि त्याआधीची दोन वर्षंही धड नव्हती. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ५ कोटींच्या घरात होती. म्हणजे दहातला एक माणूस सरकारच्या मस्टरवर, हजेरीपटावर. खडी फोडणं, रस्ते, नाला बंडिंग, पाझर तलाव. मुलांच्या हातात सुकडी, घरात लाल मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, भाकरी. सासूबाईंना मिलोचं नाव काढून बघा, तोंड कसं करतात ते.

ते काम चाललं कशामुळे, हे नीट समजून घेतलं तर तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. त्या वर्षी रानात पीक नव्हतं, त्यामुळे कुणाच्या शेतातला मजूर ओढून सरकारनं कामावर नेला असं झालं नाही. हात रिकामेच होते. मजुरी हातात पडली की त्याच आठवड्याच्या बाजारात ज्वारी, मीठ, तेल, काडेपेटी यांवर संपायची. साठवून ठेवायला कुणाजवळ काही उरतच नव्हतं. मजुराचा रुपया वाण्याकडे, वाण्याचा हमालाकडे, हमालाचा चप्पल शिवणाऱ्याकडे. सरकारनं एकदाच टाकलेला रुपया गावात तीन-चार घरं फिरून मग बाहेर पडायचा. अर्थशास्त्रवाले याला गुणक म्हणतात. तुम्ही गल्ल्यावर बसता, तुम्हाला शब्दाची गरज नाही. उसाचं बिल जमा झाल्याच्या आठवड्यात दुकानाची उधारी कशी वसूल होते, ते तुम्ही दरवर्षी बघता.

सगळं गोड होतं असंही नाही. मजुरी उशिरा व्हायची, मस्टरवर खोटी नावं चढायची, फोडलेल्या खडीचे ढीग कित्येक ठिकाणी रस्ता न होता तसेच पडून राहिले. पण लोक जगले, आणि गुरांढोरांसकट गाव सोडून गेलेली कितीतरी माणसं परत आली.

या गोष्टीचं मूळ तुमच्या शेजारच्याच तालुक्यात आहे. विसापूरचे वि. स. पागे, तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती. मागेल त्याला काम, ही कल्पना त्यांनी १९६० च्या दशकात तासगाव तालुक्यात करून पाहायला लावली. दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि २००५ मध्ये देशाचा कायदा झाला तेव्हा समोर नमुना आपलाच होता. यासाठी पैसा कुठून आणायचा, हा प्रश्नही तेव्हाच सोडवला होता. भाऊजींना सांगा, त्यांच्या पगारपत्रकावर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात ना, तो कर १९७५ मध्ये रोजगार हमीसाठीच आला. शहरातल्या पगारदारानं थोडं द्यायचं आणि तेवढीच भर राज्यानं घालायची, असा तो हिशेब. नोटा छापल्या नव्हत्या. एका खिशातला जरा सुस्त बसलेला पैसा काढून दुसऱ्या, दुसऱ्या दिवशीच खर्च करणाऱ्या खिशात घातला. पुढच्या वेळी भाऊजी गावी आले की त्यांना हे जेवण झाल्यावर सांगा. जेवताना नको.

आता दुसरा प्रसंग, तुमच्या आमच्या आठवणीतला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं उत्पन्न आदल्या वर्षीच्या तुलनेत जवळपास २४ टक्क्यांनी घसरलं. १२ मे रोजी पंतप्रधानांनी २० लाख कोटींचं पॅकेज जाहीर केलं. तो आकडा ऐकून माझ्या एका मैत्रिणीनं माणशी किती येतात याचा भागाकारसुद्धा केला होता. पण त्यातला मोठा भाग खर्च नव्हताच. कर्ज, कर्जाची हमी, रिझर्व्ह बँकेनं खुला केलेला पैसा, असं ते होतं. तुम्हाला मिळालेलं २० टक्के जादा कर्ज त्यातलंच, ३ लाख कोटींच्या हमी योजनेतलं. त्यानं तुमचं शटर खाली आलं नाही, हे खरं. पण त्यानं गिऱ्हाईक आणलं का? नाही. गिऱ्हाईक नसताना दुकानदाराला कर्ज देणं म्हणजे तापात सलाईन लावणं. जीव धरून राहतो, पण त्यानं कुणी धावायला लागत नाही.

खरा खर्च झाला तो मनरेगावर. २०२०-२१ मध्ये सुमारे १ लाख ११ हजार कोटी रुपये गेले आणि ११ कोटींहून जास्त माणसांनी काम केलं. मुंबई, पुणे, सुरतहून परतलेली पोरं गावात आली आणि दोन-तीन आठवड्यांत खड्डे, बांध, विहिरींच्या कामांवर दिसायला लागली. हे इतक्या लवकर जमलं, कारण जॉबकार्ड, ग्रामरोजगार सेवक, हजेरीपट, बँक खाती, सगळं आधीपासून होतं. पाइपलाइन टाकलेली होती, फक्त व्हॉल्व्ह उघडायचा होता.

आणि पाइपलाइन नसली तर काय होतं, ते अमेरिकेनं दाखवलं. २००८ ला तिथल्या बँका कोसळल्या, फेब्रुवारी २००९ मध्ये ओबामा सरकारनं ७८७ अब्ज डॉलरचं पॅकेज आणलं. उद्या फावडं मारायला तयार असलेली कामं घेऊ, असं म्हणाले होते. पुढे ओबामांनीच कबूल केलं की कामं तितकी तयार नव्हती. त्या ऑक्टोबरात बेकारी १० टक्क्यांवर गेली आणि ५ वर यायला सहा वर्षं लागली. पॅकेज नसतं तर हाल आणखी वाईट झाले असते, असं तिथले बहुतेक अर्थतज्ज्ञ मानतात आणि मलाही तसंच वाटतं, पण 'नसतं तर' हे घर सोडावं लागलेल्या माणसाला सांगून उपयोग काय? कोविडमध्ये त्यांनी उलटं केलं. रक्कम कितीतरी मोठी आणि लोकांच्या थेट खात्यात, माणशी आधी १,२००, मग ६००, मग १,४०० डॉलर. एप्रिल २०२० मधली १५ टक्क्यांजवळची बेकारी डिसेंबर २०२१ पर्यंत ४ च्या खाली आली. आणि जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्के. ती सगळी काही या पैशानं आणली नव्हती. जहाजं अडकली होती, युक्रेनचं युद्ध होतं. पण शेवटचा मोठा हप्ता गरजेपेक्षा जास्त झाला, असं बरेच जण म्हणतात. दोन्ही आजार वेगळे होते, एकात बँका बुडालेल्या आणि दुसऱ्यात दुकानं बळंच बंद केलेली, त्यामुळे औषधांची तुलना जपून करायला हवी. तरी एवढं दिसतंच, की पटकन आणि खर्च करणाऱ्याच्या हातात गेला तर पैसा काम करतो, आणि काम झाल्यावरही ओतत राहिलं तर भाव चढतात.

म्हणजे भाऊजींचं महागाईचं म्हणणं हवेतलं नाही. आपल्याकडेही २००८-०९ मध्ये उत्पादन शुल्क कमी केलं, सेवा कर १२ वरून १० वर आणला, शेतकरी कर्जमाफी होती, सहावा वेतन आयोग होता. केंद्राची तूट देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवरून एका वर्षात ६ वर गेली. धंदा पटकन उठला. मग हात आवरायचा राहिला, आणि पुढची काही वर्षं बाजारात पिशवी घेऊन जायची भीती वाटायची, आठवतंय ना? त्यांचं एकच चुकतं. सरकारनं कर्ज काढलं की उद्योगांना पैसा उरत नाही, हे चांगल्या दिवसांत खरं. ऐन २०२० च्या उन्हाळ्यात मात्र बँकांकडे कर्ज मागायलाच कुणी येत नव्हतं, त्यांनी लाखो कोटी रुपये रिझर्व्ह बँकेकडे नुसते ठेवून दिले होते. तेव्हा सरकारनं उचलले नसते तर तसेच पडून राहिले असते.

आता तुमचे मिस्टर. ते ज्या आकड्यावर बोलतात तो खोटा नाही. केंद्राचा भांडवली खर्च, म्हणजे रस्ते, रेल्वे वगैरे उभं करायचा पैसा, २०१९-२० मध्ये ३ लाख ३६ हजार कोटी होता. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी ११ लाख २१ हजार कोटी धरले. राज्यांनाही त्यासाठी ५० वर्षांच्या मुदतीचं बिनव्याजी कर्ज मिळतं. दिल्लीच्या एनआयपीएफपी या संस्थेतल्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये हिशेब मांडला होता, की रस्ते-धरणांसारख्या कामांवर टाकलेला एक रुपया शेवटी देशाच्या उत्पन्नात २ रुपये ४५ पैसे भर घालतो, आणि नुसता वाटलेला रुपया ९८ पैसे. असले आकडे मी हवामानाच्या अंदाजासारखे घेते, छत्री बाळगायला उपयोगी. तरी दिशा बरोबर वाटते. तुमच्याच भागात म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी कित्येक दशकं रखडत रखडत आलं, पण आल्यावर द्राक्षबागांनी तालुक्याचं काय केलं ते तुमच्या दुकानातल्या अँगल आणि तारेच्या विक्रीवरून तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

पण 'कित्येक दशकं' हे दोन शब्द मिस्टरांना दोनदा वाचून दाखवा. हप्ता दशकं थांबत नाही.

आणि रोजगाराचं म्हणाल, तर इथं एक गंमत आहे. सासूबाईंच्या तलावावर सरकारचा रुपया जवळजवळ सगळा मजुरीत गेला. मनरेगातही मजुरी आणि साहित्य ६०:४० ठेवायचं, मशीन सहसा लावायचं नाही, असा नियम होता. आजच्या रस्त्यावर मात्र शंभर बायांची टोपली तुमचा एक जेसीबी उचलतो. त्याच्या एका तासाचे तुम्हाला ११०० रुपये मिळतात असं धरू. त्यातले ५०० डिझेलचे, ते पंपावरून थेट तालुक्याबाहेर, देशाबाहेरसुद्धा. मोठा भाग बँकेच्या हप्त्याला. गावात फिरायला उरते ऑपरेटरची मजुरी आणि तुमचं जे काही सुटेल ते. म्हणून रस्त्याच्या खर्चानं देशाचं उत्पन्न वाढतं, सिमेंट खपतं, पण गावातल्या रिकाम्या हातांना काम त्या मानानं कमी मिळतं. तुम्ही ज्या पोराला कामावरून कमी केलंत, तो सरकारच्या ११ लाख कोटींनी परत यायचा असेल तर रस्त्यानं नाही येणार. आसपासच्या लोकांच्या हातात पैसा खुळखुळून कुणीतरी घराचा अर्धवट राहिलेला स्लॅब टाकायला घेतला, तर येईल.

आता तुमच्या जेसीबीचा हिशेब मांडू. मी बँकेत २९ वर्षं काढलीत, त्यामुळे हे केल्याशिवाय मला झोप येत नाही.

२८ लाख, साडेदहा टक्के, ४८ महिने: हप्ता ७२ हजारांच्या आसपास. ऑपरेटर २२ हजार. विमा, टायर, बकेटचे दात, सर्व्हिसिंग मिळून महिना सरासरी १५ हजार धरा, कमीच धरलेत. सोनेतारणाचं नुसतं व्याज सव्वापाच हजार. झाले १ लाख १४ हजार. तासामागे डिझेल जाऊन ६०० उरतात. म्हणजे महिन्याला १९० तास मशीन चाललं तर तुम्ही बरोबरीत. त्यात मुद्दल सोडवून सोनं घरी आणायचे पैसे नाहीत, आणि तुमच्या मिस्टरांचा एक रुपया पगार नाही. शिवाय पावसाळ्याचे चार महिने माती कुणी हलवत नाही. तेव्हा उरलेल्या आठ महिन्यांत महिन्याला २८५ तास. रोज साडेनऊ तास, रविवार आणि गावची जत्रा धरून.

हे सगळं जमलं असं समजू. काम आहे, मशीन पळतंय. आता बिल सहा महिने अडकलं तर? खर्चाचे १ लाख १४ हजार आणि डिझेलचे ९५ हजार, असे दरमहा २ लाख ९ हजार रोख तुमच्या गल्ल्यातून जाणार. सहा महिन्यांत साडेबारा लाख. सोन्याचे सात लाख त्यातच विरघळले.

बिल अडकेल कशाला, असं मिस्टर म्हणतील. २०२५ मध्ये राज्यभरातल्या कंत्राटदारांच्या संघटना थकीत बिलांसाठी रस्त्यावर उतरल्या होत्या, ते त्यांनी वाचलं असेलच. तिजोरी एकच असते. त्यातून पगार, पेन्शन, जुन्या कर्जाचं व्याज, वीजसवलत, जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणींचे महिना १,५०० रुपये, आणि मग रस्ते. पगार थांबवता येत नाही, व्याज थांबवता येत नाही, बहिणींचा हप्ता चुकला तर संध्याकाळच्या बातम्या होतात. कंत्राटदाराचं बिल थांबलं तर फक्त कंत्राटदाराला कळतं. आणि तुम्ही तर कंत्राटदारसुद्धा नाही. मोठी कंपनी, तिचा सबठेकेदार, त्याचा माणूस, आणि त्याच्याकडे तासावर तुमचं मशीन. वरून पाणी सुटलं तरी कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला कधी मिळतं ते तुमच्याकडे कुणाला सांगायला नको.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. २००९-१० च्या सुमारास मी एका तालुक्याच्या शाखेत कर्ज विभागात होते. एक मोठा रस्ता मंजूर झाला होता, सरकारनं मंदीवर मात करायला कामं काढलीत, असं वरून परिपत्रकावर परिपत्रक येत होतं. आठ महिन्यांत आम्ही अकरा टिपर आणि तीन पोकलेनला कर्ज दिलं. प्रस्तावांना अर्थसंकल्पाच्या बातमीची कात्रणं जोडलेली होती, आणि त्यांवर माझी सही आहे. जमीन अधिग्रहण अडकलं, काम दोन वर्षं सरकलं नाही. एका टिपरवाल्याच्या आईनं काउंटरवर पाटल्या काढून ठेवल्या आणि म्हणाली, ह्या घ्या, पण गाडी ओढू नका. पाटल्या मी घेतल्या नाहीत, गाडी मात्र ओढली. देशभरात त्या काळातली अशी मोठमोठी कर्जं पुढे बुडीत गेली. मार्च २०१८ ला बँकांच्या थकीत कर्जाचं प्रमाण ११ टक्क्यांच्या पुढे होतं. त्यात आमचे अकरा टिपर म्हणजे समुद्रात मीठ. तो रस्ता नंतर झाला, छान झाला. त्यावरून जाताना मला अजून बाहेर बघवत नाही.

तर मी सुरुवातीला म्हटलं तो कागद. 'मंजूर' या शब्दात चार-पाच पायऱ्या लपलेल्या असतात. अर्थसंकल्पात नाव येणं ही पहिली. मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, आणि शेवटी कार्यारंभ आदेश, तोच तो कागद. मिस्टरांना सांगा, बांधकाम विभागाच्या उपविभागीय कार्यालयात जाऊन कार्यारंभ आदेश निघालाय का ते बघून या, आणि या वर्षात त्या कामाला प्रत्यक्ष निधी किती वितरित झालाय तेही विचारा. शंभर कोटींच्या कामाला पहिल्या वर्षी टोकन रक्कम पडणं यात नवल काही नाही. नाही सांगितलं तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो.

त्याहून महत्त्वाचं, ज्याच्याकडे मशीन लावायचं तो सबठेकेदार याआधी कुठे काम करत होता, तिथल्या टिपरवाल्यांना चहा पाजा. त्याला मागचं चालू बिल कोणत्या महिन्यात मिळालं आणि त्यानं खाली कधी वाटलं, हे दोन प्रश्न. तो माणूस कितीही गोड बोलो, टिपरवाले खरं सांगतात.

हे सगळं ठीक निघालं तरी नवीन मशीन आधी घेऊ नका. तुमचा जुना जेसीबी बिनहप्त्याचा आहे, तीच तुमची ताकद. तो या कामावर लावा. पंधरा दिवसांची डिझेलची उचल आगाऊ मागा आणि दर पंधरवड्याला हिशेब, असं कागदावर घ्या. दोन हिशेब चुकले की मशीन काढून आणायचं, हे आधीच मनाशी ठरवा, कारण तिसऱ्या महिन्यात 'एवढे अडकलेत, आता कसं सोडू' असं वाटायला लागतं. काम खरंच दोन मशीनचं असेल तर दुसरं महिन्याच्या भाड्यानं घ्या. नफा कमी सुटेल. पण नुकसान झालं तर ते महिन्याचं होईल, चार वर्षांचं नाही. चार महिने पैसे वेळेवर आले तर मग वापरलेलं, चांगल्या स्थितीतलं मशीन बघा. तेव्हाही सोन्याशिवाय जमतंय का ते आधी.

उद्यम नोंदणी केली नसेल तर करून टाका, फुकट आहे. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यात ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचं बंधन आहे, पुढे चक्रवाढ व्याज लागतं, सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. मात्र सिमेंट-सळईची निव्वळ विक्री हा व्यापार झाला, त्याला हे संरक्षण नाही. मशीन भाड्यानं देणं ही सेवा आहे. म्हणून दुकानाचं बिल आणि जेसीबीचं बिल एकाच पानावर कधी लिहू नका. ज्याच्याकडून पुढचं काम हवंय त्याच्यावर तक्रार कोण करणार, हे मलाही कळतं. तरी कागद असलेला बरा, निदान फोनवर आवाज जरा वर काढता येतो.

मिस्टरांना हे पत्र जसंच्या तसं वाचायला देऊ नका, पुरुषांना हिशेब बाहेरून आलेला आवडत नाही. १९० तासांचा आकडा तेवढा त्यांच्याकडूनच काढून घ्या. सध्याचं मशीन गेल्या वर्षी महिन्याला सरासरी किती तास चाललं, ते तासांच्या मीटरवर आणि डिझेलच्या वहीत मिळेल. तो आकडा १२० च्या खाली असेल तर दुसऱ्या जेसीबीचं बोलणं तिथंच थांबेल, तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.

सबठेकेदाराच्या मागच्या बिलाचा महिना कळला की मला लिहा. आणि सासूबाईंना विचारून तेवढं कळवा, त्यांनी माती वाहिलेल्या त्या तलावात यंदा पाणी किती आहे?

तुमची,
ताई